ऑपरेशन पोटाचं झालं, पण रात्री अकराला पाय किचनकडेच वळतात

पत्र:

ताई, वजन कमी करायला पोट लहान करतात ते माझं स्लीव्हचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षात 36 किलो उतरले, जो भेटेल तो विचारायचा काय केलंस म्हणून. पण गेल्या सहा महिन्यांत 7 किलो परत आलेत. जेवण माझं अजूनही एवढुसंच आहे, वाटीभर खाल्लं की बास होतं. पण रात्री सगळे झोपले की मी किचनमध्ये उभी राहून बिस्किटं, चिप्स, आईस्क्रीम असं थोडंथोडं खात राहते, भूक नसते तरी. पोट दुखलं की थांबते, पंधरा मिनिटांनी परत डबा उघडते. कधीकधी गोड खाऊन तास-दोन तास झाले की हात थरथरतात, घाम फुटतो, मग अजून गोड खाते. हे सगळं आई आजारी पडल्यापासून वाढलंय, ऑफिस आणि तिचं दवाखाना-औषधपाणी सगळं माझ्यावरच आहे. सकाळी स्वतःची एवढी चीड येते की दुपारपर्यंत काहीच खात नाही. डॉक्टरांचे दोन फॉलोअप बुडवले, काट्यावर उभं राहायची लाज वाटते. नवरा म्हणतो एवढं ऑपरेशन करूनसुद्धा तुझा तोंडावर ताबा नाही. मी ऑपरेशन वाया घालवलं का? दुसरं करून घेऊ का? आणि एक, हल्ली कोणी नसताना ग्लासभर वाईन घेते, त्याने खायची इच्छा जरा कमी होते. तेवढं चालतं ना?
— किचनमधला उंदीर

उत्तर:

अगं, शेवटून सुरुवात करते कारण तो प्रश्न तू अगदी सहज जाता जाता विचारलायस आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. वाईन चालत नाही. बंद कर, आजपासून. नैतिकता वगैरे शिकवत नाहीये, प्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण तुझ्या पोटाची रचना आता बदललीये. स्लीव्ह असो नाहीतर पोटाचं बायपास (जठर लहान करून अन्नाची वाट पुढच्या आतड्याला जोडतात ते), दारू पोटात फार थांबतच नाही, पटकन आतड्यात उतरते आणि रक्तातलं प्रमाण आधीपेक्षा लवकर आणि जास्त वर जातं. म्हणजे एक ग्लास हा तुझ्यासाठी आता एक ग्लास राहिलेला नाही. अमेरिकेत ऑपरेशन झालेल्या लोकांचा काही वर्षं पाठपुरावा करून 2012 मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दारूच्या व्यसनाचं प्रमाण पहिल्या वर्षात वाढलेलं नव्हतं, दुसऱ्या वर्षात वाढलेलं दिसलं, आणि बायपासवाल्यांमध्ये जास्त. तू आत्ता बरोबर त्याच टप्प्यावर आहेस. आणि तुझं वाक्य परत वाच ना, कोणी नसताना घेते आणि खायची इच्छा कमी होते. म्हणजे वेळ तीच, एकटेपणा तोच, काम तेच, फक्त डब्याऐवजी ग्लास. खाण्याचं काम दारूकडे गेलं तर ते सोडवणं फार जड जातं, म्हणून आत्ता ग्लासभरच आहे तोवर थांब. आणि थांबता येत नाहीये असं वाटलं तर ते लपवू नकोस, डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांग.

आता वाया घालवलं का. नाही गं. हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, तुझ्याच पत्रात उत्तर आहे, वाटीभर खाल्लं की बास होतं असं तूच लिहिलंयस. दोन वर्षांनीसुद्धा वाटीभरात पोट भरतंय म्हणजे ऑपरेशन आपलं काम करतंय. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी. जो भाग काढतात त्यात वरचा फुगीर भाग असतो आणि भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूकच लागत नाही, लोकांना घड्याळ लावून खावं लागतं. सगळे त्याला हनिमून पिरियड म्हणतात. त्या काळात वाटतं की सुटलो, खाण्याशी असलेलं आपलं सगळं भांडण मिटलं. मग वर्ष-दीड वर्षात भूक हळूहळू परत येते, बहुतेकांना येते, आणि तिच्याबरोबर जुन्या सवयीपण येतात, कारण सर्जनने जठर कापलं, तू वीस वर्षं टेन्शन आल्यावर जे करत आलीस ते काही कापलेलं नाही. ते त्याचं कामच नव्हतं. आणि खरं सांगू का, ऑपरेशनच्या आधी हे कोणीतरी नीट बसून सांगायला हवं असतं, पण बहुतेक ठिकाणी आधीची समुपदेशनाची भेट म्हणजे एक फॉर्म भरून सही, झालं.

थोडं वजन परत येणं हे तर जवळजवळ सगळ्यांच्याच वाट्याला येतं. स्वीडनमध्ये 1987 मध्ये सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के कमी झालं होतं आणि दहा वर्षांनी ते 25 टक्क्यांवर आलं. म्हणजे मधे काही किलो परत आलेच, तरीपण दहा वर्षांनी एवढं वजन उतरलेलं राहणं ही साधी गोष्ट नाही. तुझं ऑपरेशन वेगळं आहे त्यामुळे आकडे तसेच्या तसे तुला लावू नकोस, पण खाली जाऊन मग थोडं वर येणं हा प्रकार तोच असतो. फक्त एक, सहा महिन्यांत 7 किलो हे नुसतं थोडंफार वर येणं नाही. ते रात्रीच्या डब्यातून येतंय आणि हे तुला माहितीये, म्हणून तर पत्र लिहिलंस.

आता तुला वाटत असेल की पोट एवढंसं आहे तर रात्री एवढं जातं कुठे. ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. लहान केलेलं पोट अडवतं ते घट्ट, चावून खायच्या जेवणाला, म्हणजे अंडं, मासा, पनीर, कडधान्यं, भाज्या असलं. बिस्किट, चिप्स, आईस्क्रीम, चॉकलेट हे तोंडातच विरघळतं, पोटात त्याचा पातळ लगदा होतो आणि तो सरळ खाली सरकून जातो, पोट भरल्याचा सिग्नलच येत नाही. त्यात तू एका वेळी दोनच बिस्किटं खातेस, मग पंधरा मिनिटं थांबतेस, तेवढ्यात जागा होते, मग परत दोन. असं तास-दीड तास चाललं की अख्खं जेवण होईल त्याच्या वर कॅलरी जातात आणि दिवसाचं ताट मात्र एवढुसंच दिसतं. त्यामुळे "माझं पोट परत मोठं झालं असेल" ही जी भीती असते ना सगळ्यांना, ती बऱ्याचदा खरी नसते, पोट तेवढंच असतं. आणि इंटरनेटवर ते पाच दिवस फक्त पातळ पिऊन पोट परत लहान करा म्हणणारे प्लॅन फिरतात, त्यांच्या नादी अजिबात लागू नकोस. त्याने पोट लहान होत नाही, माणूस उपाशी राहतो आणि सहाव्या दिवशी डबा फोडतो.

तुझं सकाळचं उपाशी राहणं हेसुद्धा त्यातलंच. तुला ती शिक्षा वाटते, पण रात्रीच्या खाण्याची तयारी तू सकाळपासूनच करतेयस. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना, तेही स्वतःहून तयार झालेल्या, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यातल्या लोकांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना, स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचे, ताट चाटायचे, उदास आणि चिडचिडे झाले, आणि नंतर खायला मोकळीक मिळाल्यावर कितीतरी जणांना थांबताच येईना. ही माणसं आधी खाण्याच्या बाबतीत अगदी नॉर्मल होती बरं का. मग दिवसभर आईचं, ऑफिसचं, सगळ्यांचं करून दुपारी दोनला पहिला घास खाणाऱ्या बाईने रात्री अकराला स्वतःवर ताबा ठेवावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यामुळे पहिलं काम रात्रीचं नाहीच, सकाळचं आहे. रात्री काहीही झालेलं असू दे, दोन बिस्किटं खाल्लेली असू दे नाहीतर अख्खा पुडा, सकाळी उठल्यावर तासाभरात थोडं का होईना पण प्रोटीनवालं काहीतरी खायचं. मग दर तीन-चार तासांनी. ऑपरेशननंतर साधारण दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन सांगतात, तुझ्या डाएटिशियनने तुला आकडा दिला असेल तो बघ, आणि मला जवळजवळ खात्री आहे की तू सध्या त्याच्या निम्म्यावरही नसशील. जेवताना पाणी नको आणि जेवणानंतर अर्धा तास नको, पाणी अन्नाला ढकलून खाली नेतं आणि भूक लवकर लागते, हे तुला सांगितलेलं असणार पण दोन वर्षांनी सगळे विसरतात. एक नियम मात्र पक्का कर, कालचं आज वसूल करायचं नाही. वजन कमी करण्याचा प्लॅन म्हणून हे सांगत नाहीये, रात्री अकराला तू रिकाम्या पोटी त्या डब्यासमोर उभी नसावीस, एवढंच पाहिजे मला.

आता ते थरथरणं आणि घाम. हे वाचून मी थांबलेच, कारण तू ते सगळं भावनिक खाण्यातच मोजतेयस आणि ते कदाचित नसेलही. गोड पटकन आतड्यात उतरलं की साखर झपकन वर जाते, शरीर इन्सुलिन जास्त सोडतं आणि मग एक ते तीन तासांनी साखर खाली कोसळते. थरथर, घाम, धडधड, डोकं हलकं होणं आणि गोड खायची जबरदस्त ओढ. याला लेट डम्पिंग म्हणतात, बायपासमध्ये जास्त दिसतं पण स्लीव्हमध्येही होतं. म्हणजे बघ, नऊ वाजता आईला औषध देता देता तोंडात टाकलेली चार बिस्किटं अकराला परत डब्याकडे पाठवत असतील, आणि तू समजतेस की आपलं मनच कमकुवत. घरात शुगर मोजायचं मशीन असेल तर थरथर होईल तेव्हा लगेच मोज, वेळ आणि काय खाल्लं होतं ते लिहून ठेव आणि डॉक्टरांना दाखव. शुगर खाली आलेली असेल तर त्या क्षणी काहीतरी गोड घ्यावंच लागतं, तिथे संयम दाखवायचा नाही. पण ते होऊच नये म्हणून काय खायचं, हे ते बदलून देतील. चक्कर येऊन पडलीस, शुद्ध हरपतेय असं वाटलं तर वाट बघायची नाही, तातडीने दवाखाना.

हे बाजूला काढल्यावर जे उरतं ते खरं मनाचं खाणं, आणि ते ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. डब्याला हात लावायच्या आधी स्वतःला विचार, आत्ता उकडलेलं अंडं समोर ठेवलं तर खाशील का? (अंडं खात नसशील तर दुसरं काही साधंसुधं धर.) उत्तर हो आलं तर ती भूक आहे, मग खा, बसून खा, रात्रीचे अकरा वाजले म्हणून उपाशी झोपायचं कारण नाही. उत्तर "शी, अंडं कशाला, मला ते चॉकलेटवालंच हवंय" असं आलं तर ती तलफ आहे. तलफ अचानक येते, तिला एकच ठराविक गोष्ट हवी असते आणि ती पोटात कमी, तोंडात आणि डोक्यात जास्त जाणवते. तिसरी एक शक्यता आहे, छातीच्या खाली जळजळल्यासारखं, कुरतडल्यासारखं वाटणं. स्लीव्हनंतर ॲसिडिटी बऱ्याच जणांना होते आणि ती हुबेहूब भुकेसारखी वाटते, खाल्लं की दोन मिनिटं बरं वाटतं म्हणून माणूस खातच सुटतो. तसं असेल तर त्यावर औषध आहे, त्यासाठी मानसशास्त्र लागत नाही.

तलफ असेल तर काय. ॲलन मार्लट नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी व्यसनातून बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी एक पद्धत आणली, तलफेला लाटेसारखं बघायचं. ती चढते, वर जाते आणि तुम्ही काहीच केलं नाहीत तरी आपोआप उतरते, बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत. आपल्याला वाटतं ती चढतच राहणार, म्हणून आपण घाबरून खातो. तर किचनमधून बाहेर यायचं, हे महत्त्वाचं आहे, उभं राहून फ्रिजकडे बघत लाट मोजायची नाही. दुसऱ्या खोलीत खुर्चीवर बसायचं, मोबाईलवर वीस मिनिटांचा टायमर लावायचा, आणि तलफ शरीरात कुठे आहे ते बघायचं, जबडा आवळलाय का, घसा दाटलाय का, छातीत काय होतंय, पोट काय म्हणतंय. तिच्याशी भांडायचं नाही, "नाही खाणार, नाही खाणार" असा जप तर अजिबात करायचा नाही, त्याने ती वाढते. टायमर वाजल्यावर अजून हवं असेल तर घ्यायचं. हो, घ्यायचं. पण प्लेटमध्ये काढून, लाईट लावून, खुर्चीवर बसून, डबा परत बंद करून जागेवर ठेवून. तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा शब्द मला बिस्किटं वाटलाच नाही, "उभी राहून" हा वाटला. उभ्याने, अंधारात, डब्यातूनच खाल्लं की ते खाल्लं असं मेंदू धरतच नाही, फक्त अपराध तेवढा धरतो. पहिले काही दिवस टायमरनंतर तू खाशीलच, खा. मधे वीस मिनिटं गेली ना, तेवढीच सध्याची कमाई.

आणि त्या वीस मिनिटांत बहुतेक वेळा तुला कळेल की खाली काय आहे. मी काही मनकवडी नाही, पण तुझं पत्र वाचून मला जे दिसलं ते सांगते. सकाळपासून रात्री अकरापर्यंत तू कोणाची तरी असतेस, आईची, ऑफिसची, घराची. अकरानंतर कोणी हाक मारत नाही. तो एकच तास तुझा आहे आणि त्या तासात तुला जे सगळ्यात जवळ, ताबडतोब आणि कोणाला न विचारता मिळतं ते म्हणजे खाणं. म्हणून मला तो गरम पाण्याने अंघोळ करा, छान संगीत ऐका, मेणबत्ती लावा छापाचा सल्ला द्यायचाच नाहीये. मेणबत्तीने आईचं आजारपण कमी होत नाही. दिवसभर दमलेल्या माणसाला रात्री अकराला नवा छंद सुचतही नाही. तुला दिवसाउजेडी अर्धा तास हवाय जो कोणाचाच नाही, आणि तो आपसूक मिळत नाही, मागून घ्यावा लागतो, कधीकधी भांडून. आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांतली एखादी तरी दुसऱ्या कोणी करायला हवी. भावंडं असतील तर त्यांना "जमलं तर बघ" असं म्हणू नकोस, वार आणि वेळ सांग. तुझ्या पत्रात आईच्या बाबतीत दुसऱ्या एकाही माणसाचं नाव नाहीये, हे तुझ्या लक्षात आलंय का?

त्यात अजून एक, थोडं नाजूक. आईसाठी रडलीस का कधी? खूप लोकांकडे रडायची सोय नसते, खायची असते. आणि तुझ्यासारख्या ऑपरेशन झालेल्या माणसाचं एक जास्तीचं दुःख असतं जे कोणाला सांगताही येत नाही, की आधी मनसोक्त खाऊन जे बधिर व्हायला व्हायचं ते आता होत नाही, चार घासात पोट दुखतं. म्हणजे जुना आधार गेला आणि नवा अजून आलेला नाही. वजन उतरल्यावर सगळे अभिनंदन करत असताना हे कोणाला सांगणार.

डॉक्टर. तुझे दोन फॉलोअप बुडलेत, तिसरा बुडवू नकोस. लाज वाटणार, मान्य, पण बॅरिऍट्रिक, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनच्या क्लिनिकमध्ये वजन परत आलेला पेशंट ही रोजची गोष्ट आहे. फोन करून एवढंच सांग, "दोन भेटी चुकल्यात, वजन थोडं वाढलंय, रात्रीचं खाणं थांबत नाहीये आणि गोड खाल्ल्यावर थरथर होते, मला डॉक्टर आणि डाएटिशियन दोघांची वेळ द्या." आधी वजन आणि मग बोलणं असा तिथला क्रम असेल तर तू आधी बोल, मग वजन कर, तुला तो हक्क आहे. तिथे गेल्यावर रक्ताच्या तपासण्या होतील, आयर्न, बी-12, डी जीवनसत्त्व वगैरे. गोळ्या घेतेयस ना नियमित? खरं सांग. बी-12 आणि आयर्न कमी झालं की थकवा, उदासपणा, चिडचिड येते आणि माणूस त्याला स्वभाव समजतो. बर्फ चघळावासा वाटत असेल तर तेही सांग, ते आयर्न कमी असल्याचं लक्षण असू शकतं. सारख्या उलट्या होत असतील तर ते लगेच सांगायचं, बी-1 घसरलं तर मेंदू आणि नसांपर्यंत प्रकरण जातं. मधल्या काळात झोपेची, डिप्रेशनची, स्टिरॉइडची, कसलीही गोळी सुरू झाली असेल तर तिचं नाव घेऊन जा, काही औषधं भूक वाढवतात, आणि काही औषधं ऑपरेशननंतर नीट शोषली जात नाहीत म्हणजे डिप्रेशनची गोळी चालू असून उपयोग होत नाही असंही होतं. मनाने बंद मात्र करू नकोस.

दुसरं ऑपरेशन? आत्ता नाही. आधीच्या रचनेत काही बिघाड असेल, खूप ॲसिडिटी असेल, नळी खरंच पसरली असेल, तर तपासून सर्जन तो विचार करतात. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो आणि रात्री अकराचा तास त्याने तसाच राहतो. हल्ली भूक कमी करणारी इंजेक्शनं आली आहेत, सेमाग्लुटाइड वगैरे, वजन परत आलेल्या काही पेशंटना डॉक्टर ती देतातही. विचारायला हरकत नाही, पण मैत्रिणीकडून आणून टोचून घ्यायची ती गोष्ट नाही, आणि तुझं आधीच एवढं कमी जेवण असताना तर नाहीच.

आणि समुपदेशक हवा, पण कुठलाही नको. फोन करतानाच विचार की खाण्याच्या विकारांवर काम केलंय का, सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी उपचारपद्धत) करता का. 2013 पासून बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून खात राहण्याचा विकार, हे अधिकृतपणे वेगळं निदान आहे. त्यात एरवी खूप मोठ्या प्रमाणात खाणं धरतात, पण तुझ्या पोटात आता मोठं प्रमाण मावतच नाही, म्हणून ऑपरेशननंतर जाणकार लोक किती खाल्लं यापेक्षा "थांबायचं होतं आणि थांबता आलं नाही" याच्याकडे बघतात. तू "एवढंसंच तर खाते" म्हणून ते कमी लेखू नकोस आणि समोरच्यालाही लेखू देऊ नकोस. खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकावंसं वाटत असेल किंवा टाकत असशील तर तेही पहिल्याच भेटीत सांग. आणि हे मी प्रत्येकाला लिहितेच, ऑपरेशननंतरच्या वर्षांत काही जणांमध्ये नैराश्य आणि स्वतःला इजा करणं वाढलेलं अभ्यासांत दिसलंय, तेव्हा जगणंच नको असा विचार एकदा जरी डोकावला तर त्याच दिवशी घरच्या एका माणसाला सांगायचं आणि डॉक्टरकडे किंवा हेल्पलाइनवर फोन करायचा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

राहिला नवरा. तोंडावर ताबा नाही म्हणणाऱ्या माणसाला शास्त्र समजावत बसू नकोस, तुझ्यात तेवढी ताकद नाहीये सध्या. त्याला दोन कामं दे. एक, आठवड्यातून ठरलेले दोन दिवस आईचं संध्याकाळचं सगळं त्याने बघायचं. दोन, चिप्स-बिस्किटं घरात कोणाला हवीच असतील तर आपापल्या वाट्याची आणून संपवायची, मोठे पुडे साठवायचे नाहीत. ही बंदी नाही, फक्त अकराला हाताशी डोंगर नको. आणि माझ्या ताटावर, माझ्या वजनावर बोलायचं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही, हे एकदा शांतपणे दिवसा सांग, भांडणाच्या मध्ये नको. पहिल्या फॉलोअपला त्याला बरोबर घेऊन गेलीस तर डॉक्टरच सांगतील की हे ताब्याचं प्रकरण नाही, बाहेरच्या माणसाने सांगितलं की पटतं काही लोकांना. नसेल यायचं त्याला तर मैत्रिणीला ने, एकटी जाऊ नकोस म्हणजे ऐनवेळी परत फिरणार नाहीस.

वजन रोज करतेस का ते लिहिलं नाहीयेस. करत असशील तर सध्या आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी, पुरे. रिपोर्ट आले की मला परत लिही, शुगरची नोंद आणि बी-12, आयर्न काय निघालं ते नक्की कळव. आणि पुढच्या वेळी सहीला उंदीर नको, दुसरं काहीतरी नाव शोध.